गच्चीवरचे सोडे

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातलेले सोडे गुप्तेकाकूंचे नव्हते. माझे होते. हे मी कमिटीच्या झूम मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. आपण खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. पण आईला 'मी मासे खात नाही' असं सांगत ज्याने पन्नाशी गाठली, त्याने तरी अशी समजूत घालू नये.

माझ्याबद्दल एवढं पुरे. मला लिहायचंय ते काकूंबद्दल.

शालिनी गुप्ते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम, केस पांढरेशुभ्र आणि पोरासारखे कापलेले. पायात स्पोर्ट्स शूज, अंगात पँट आणि वर नवऱ्याचा जुना निळा स्वेटर. कॅप्टन गुप्ते मालवाहू जहाजांवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. सिडनीतली बहुतेक मराठी माणसं पश्चिमेला, गिरावीन-ब्लॅकटाउनच्या बाजूला राहतात. काकू मात्र चाळीसहून जास्त वर्षं एलिझाबेथ बेला, पाण्याच्या जवळ, विन्स्लो कोर्ट नावाच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या.

ही बिल्डिंग महायुद्धाच्या आधी श्रीमंतांसाठी बांधलेली. लॉबीत काळ्या-हिरव्या टाइल्स, लिफ्टला पितळी जाळीचं दार, नोकरमाणसांसाठी मागे वेगळा जिना. आमच्या स्वयंपाकघरात मोलकरणीला बोलवायच्या घंट्यांचा फलक अजून भिंतीवर आहे. कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते त्यावर दिसायचं म्हणे. केतकी, म्हणजे माझी बायको, घरात आली की त्या फलकाकडे बोट दाखवून म्हणायची, "बघ, 'बेडरूम दोन' चहा मागतेय. जा."

इथे पूर्वी कोणाच्याच मालकीचा फ्लॅट नव्हता. सगळी इमारत एका कंपनीची. आपण कंपनीचे शेअर घ्यायचे आणि त्यांच्या बळावर आत राहायचं. शेअर कोणाला द्यायचे ते डायरेक्टर लोक मुलाखत घेऊन ठरवायचे. आम्ही यायच्या जरा आधी हे सगळं मोडलं आणि प्रत्येक फ्लॅट ज्याच्या त्याच्या नावावर झाला. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर बिल्डिंग ओनरशिपची झाली. डायरेक्टर गेले, कमिटी आली. मुलाखत बंद झाली. केतकीचं हॉस्पिटल इथून चालत जाण्यासारखं, म्हणून आम्ही गिरावीनचं ऐसपैस घर विकून इथला दीड बेडरूमचा फ्लॅट घेतला. मित्रांनी आम्हाला वेड्यात काढलं.

"मुलाखत असती तर तू नापास झाला असतास," काकूंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

"का हो?"

"उत्तर देण्याआधी समोरच्याचं तोंड बघतोस."

स्वतःच्या मुलाखतीची गोष्ट त्या नेहमी सांगत, आणि दर वेळी उभं राहून. सत्तरच्या दशकाचा शेवट. समोर तीन डायरेक्टर, त्यातल्या एक मोत्यांची माळ घातलेल्या बाई. भारतीय माणूस या बिल्डिंगमध्ये तोवर फक्त पाहुणा म्हणून आलेला. बाईंनी चहा ओतता ओतता गोड आवाजात विचारलं, "मिसेस गुप्ते, तुमच्या स्वयंपाकाला वास येतो का?"

कॅप्टनसाहेब घसा साफ करून काहीतरी सावरून घेणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "येतो ना. नाही आला तर मी टाकून देते आणि परत करते."

"मग?" मी प्रत्येक वेळी विचारायचो.

"मग काय! बाईंनी चहा कपाऐवजी बशीत ओतला. आणि आम्हाला शेअर मिळाले."

लोक त्यांना शॅझ म्हणत. इथे कोणाचंही नाव दोन मात्रांत बसवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. पोस्टमन, प्लंबर, कोपऱ्यावरचा कॉफीवाला, सगळ्यांची ती शॅझ. अपवाद एकच, आमच्या कमिटीचा चेअरमन ग्रॅहम. रिटायर्ड वकील, सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटा राहणारा. तो त्यांना अगदी नियमाने 'मिसेस गुप्ते' म्हणायचा आणि काकू त्याला 'वरचा' म्हणायच्या. "वरच्याचा ईमेल आला का?" असं विचारलं की फोनवर ऐकणाऱ्याला वाटे, बाई फारच श्रद्धाळू आहेत.

लिफ्टबद्दल त्यांचे स्वतःचे कायदे होते. जाळीचं दार आपटणाऱ्याला त्या पुन्हा उघडून नीट लावायला लावत. कोविड आला आणि लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस असा नियम झाला, तेव्हा त्यांनी आत एक फोल्डिंगची खुर्ची नेऊन ठेवली. "एकटीनेच जायचं तर बसून जाईन," म्हणाल्या. ती खुर्ची दोनदा कमिटीने बाहेर काढली. कमिटीचा सेक्रेटरी मीच असल्यामुळे दोन्ही वेळा मी काढली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती आपोआप परत आली.

दुसरा लॉकडाउन लागला तेव्हा आमची खरी ओळख झाली. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम. पॅरामॅटाचं ऑफिस माझ्या डायनिंग टेबलावर आलं होतं, केतकी दिवसदिवस हॉस्पिटलमध्ये. इंडियन दुकानं सगळी पश्चिमेला. सांबार मसाला परदेशात राहिल्यासारखा. अशा वेळी मला आमच्या स्वयंपाकघरातल्या दुधाच्या खिडकीचा शोध लागला.

ही खिडकी म्हणजे भिंतीतलं एक लहान कपाट. त्याला दोन दारं, एक आपल्या ओट्याकडे उघडणारं आणि एक मागच्या जिन्यावर. जुन्या काळी दूधवाला जिन्यावरून बाटल्या आत ठेवायचा, मोलकरीण आतून काढून घ्यायची. दोघांनी एकमेकांचं तोंडही बघायची गरज नाही. मी तिथे जुने प्लास्टिकचे डबे ठेवले होते. एका दुपारी त्या कपाटातून ठक ठक आवाज आला. उलथन्याने वाजवत असल्यासारखा.

"केळकर! आतलं दार उघडू नकोस. मी डबा ठेवतेय. मी गेले की उघड."

"थँक्यू काकू."

"गेल्याशिवाय उघडू नकोस हं."

आणि त्या जायच्याच नाहीत. बंद दाराच्या पलीकडे जिन्याच्या पायरीवर बसून अर्धा अर्धा तास बोलत राहायच्या. वरच्याने गॅलरीत नवीन कुंड्या आणल्या, पहिल्या मजल्यावरची मुलगी दिवसभर व्यायाम करते की फर्निचर हलवते ते कळत नाही, कॅप्टन एकदा बोटीवरून उतरताना पोपट घेऊन आले आणि तो फक्त पोर्तुगीज शिव्या द्यायचा. आतमध्ये माझी डाळ थंड होत असे. मी दोनदा ऑफिसची मीटिंग म्यूट करून त्या कपाटाला कान लावून बसलोय.

"आज काय आहे काकू?"

"केतकी घरात आहे?"

"ड्युटीवर आहे."

"मग सोड्यांची खिचडी आहे."

ज्यांना सोडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कोळंबी सोलून कडक उन्हात वाळवली की सोडे होतात. वास असा की शेजारच्या घरातल्या माणसालाही आपण जेवल्यासारखं वाटावं. काकू सीकेपी, म्हणजे त्यांना हा वास म्हणजे माहेर. आम्ही पुण्याचे केळकर. आमच्या घरात कांद्यालासुद्धा चातुर्मासात रजा असायची. केतकी अंड्यापर्यंत येऊन थांबते. मी शाळेपासून मित्रांच्या घरी चोरून खातो आणि घरी येऊन हात साबणाने तीन-तीनदा धुतो. ती खिचडी मी ओट्याशी उभा राहून, खिडकी उघडी टाकून, डब्यातूनच खाल्ली. तेवढ्यात पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल.

"जेवलास का रे?"

"हो, आत्ताच."

"काय केलं होतंस?"

"खिचडी."

यात खोटं काहीच नव्हतं. या विषयात माझं प्रावीण्य जुनं आहे.

ऑगस्टमध्ये काकूंचे सोडे संपले. एरवी मुंबईहून येणारं कोणीतरी पाकीट घेऊन यायचं, पण विमानं बंद. कपाटापलीकडून त्यांनी ही बातमी अशी दिली की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"आपण वाळवू या ना," मी म्हणालो. "गच्चीवर ऊन चांगलं आहे, वारा आहे."

"कोळंबी कोण आणणार?"

"मी आणतो. फिश मार्केट पाच किलोमीटरच्या आत आहे. मी नकाशावर बघितलंय."

"बघितलंयस?" काकू हसल्या. "मग तुलाच जास्त हवेत."

खरं होतं. कोळंबी मी आणली, अंमळ जास्तच आणली. काकूंनी गच्चीवर बसून सोलली, धागे काढले, मीठ लावलं. मी मास्क लावून दुसऱ्या टोकाला उभा. गच्चीवर कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब अजून आहेत. पूर्वी सगळ्या बिल्डिंगच्या मोलकरणी तिथे चादरी वाळत घालायच्या. "ही गच्ची वाळवणासाठीच बांधलीय," काकू म्हणाल्या आणि जुनी चादर अंथरून तिच्यावर कोळंबी पसरली. वर जाळीचा पडदा, चारी कोपऱ्यांवर विटा.

"आता जा. तुझं ऑफिस असेल. मी इथेच असते."

त्या असायच्याच. त्यांना दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की लस पूर्ण होऊन साथ ओसरेपर्यंत रस्त्यावर, दुकानात कुठेच जायचं नाही. मोकळी हवा मिळायची ती एवढ्या गच्चीवरच. रोज सकाळी नऊच्या सुमाराला निळा स्वेटर घालून त्या वर जात, कठड्याच्या कडेने फेऱ्या मारत, समोरच्या बोटींना नावं ठेवत. गच्चीची किल्ली फार जुन्या रहिवाशांकडेच होती आणि त्या किल्लीला त्यांनी लाल लोकर बांधली होती.

सीगल त्यांना घाबरत. "मेल्या, तुझ्या बापाचं आहे का?" असं त्या मराठीत ओरडल्या की ऑस्ट्रेलियन सीगललाही बरोबर कळायचं. पण एका दुपारी त्या औषध घ्यायला पाच मिनिटं खाली आल्या आणि एका सीगलने जाळी उचकटली. त्याने उचललेली कोळंबी त्याच्या चोचीतून सुटली ती खालच्या गॅलरीत. तिथे ग्रॅहम ऊन खात शब्दकोडं सोडवत बसला होता. ती त्याच्या शब्दकोड्यावर पडली. तो पेन खाली ठेवून, तसाच स्लिपर घालून गच्चीवर गेला आणि त्याने बाकीचं दृश्य पाहिलं.

संध्याकाळी झूमवर कमिटी. पाच चौकोन, त्यात पाच गंभीर चेहरे. ग्रॅहम म्हणाला, "गच्चीवर कोणीतरी सागरी जीव वाळत घातले आहेत." तो खरोखर असंच म्हणाला. 'मरीन लाइफ'. मग माझ्याकडे वळून, "मंदार, मेट, तुला याबद्दल काही माहिती आहे का?"

बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे झूमवर पाहतात तसं, पडद्याच्या मधोमध कुठेतरी. या बिल्डिंगमध्ये मुलाखत न देता आलेला मी, गिरावीनहून आलेला, नेमून दिलेलं काम चोख करणारा सेक्रेटरी. त्यांच्यासारखा दिसायला, त्यांच्यासारखं बोलायला मी किती धडपडलो होतो ते मलाच माहीत. आणि प्रश्न माशांचा. माशांचा प्रश्न आला की माझ्या तोंडून लहानपणापासून एकच उत्तर येतं.

"मिसेस गुप्तेंशी मी बोलून घेतो," मी म्हणालो.

बस, एवढंच. कोणाचे, ते मी सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नाही. सगळ्यांनी समजून घेतल्यासारख्या माना हलवल्या. ठरलं असं की वाळवण ताबडतोब काढायचं आणि गच्चीची किल्ली मिसेस गुप्तेंकडून सेक्रेटरीने जमा करून घ्यायची.

मी मागच्या जिन्याने वर गेलो आणि त्यांच्या दुधाच्या खिडकीवर बोटाने वाजवलं.

"काकू, कमिटीने... म्हणजे ग्रॅहमने... गच्चीची किल्ली परत मागितलीय."

आतून उलथनं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "कोणाचे सोडे, ते सांगितलंस का त्यांना?"

मी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिलो.

"बरं," काकू म्हणाल्या.

आतलं दार उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज. मी बाहेरचं दार उघडलं. लाल लोकरीची किल्ली, आणि शेजारी काचेची बरणी. सोडे.

"अर्धे वाळलेत," आतून आवाज आला. "दुपारी खिडकीत ठेवत जा. वास येईल, पण तू सांग गुप्तेंच्या घरातून येतो म्हणून."

त्यानंतरही डबे येत राहिले. आमटी, मेथीची भाजी, एकदा चक्क पुरणपोळी. उलथन्याची ठक ठक व्हायची, "ठेवलाय" एवढं ऐकू यायचं, आणि काकू निघून जायच्या. आता खरोखरच जायच्या. मी आतलं दार उघडायचो तेव्हा जिना रिकामा असायचा.

फेऱ्या त्यांनी लॉबीत सुरू केल्या. काळ्या-हिरव्या टाइल्सवरून, टपालपेट्यांपासून लिफ्टपर्यंत आणि परत. तिथे ऊन येत नाही, वारा येत नाही. सप्टेंबरात त्या मध्येच थांबून भिंतीला हात टेकायला लागल्या. केतकीने त्यांना पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "काकू गच्चीवर का जात नाहीत रे? त्यांचा श्वास ऐकलास का तू?" मी म्हणालो, "कमिटीचा नियम आहे." केतकी मासे खात नाही, पण माझा चेहरा तिला वाचता येतो. तिने सगळं काढून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "शी, मंदार."

मी पुन्हा त्यांच्या खिडकीवर गेलो.

"सॉरी काकू."

"कशाबद्दल?"

"ते... जे झालं त्याबद्दल."

"जे झालं ते आपोआप झालं का? आणि मला कशाला सांगतोस? कोणाचे होते ते मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

"तुम्ही का नाही सांगितलंत ग्रॅहमला?"

"मी चुगल्या करत नाही. शाळेत असतानाही केल्या नाहीत."

ऑक्टोबरात निर्बंध उठले आणि बिल्डिंगची सर्वसाधारण सभा मागच्या बागेत भरली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, सगळे मास्क लावून. काकू तिसऱ्या रांगेत, डोक्यावर कॅप्टनची पांढरी टोपी, हाताची घडी. एक ठराव असा होता की गच्ची यापुढे रहिवाशांसाठी कायमची बंद, फक्त दुरुस्तीवाल्यांसाठी उघडी. ठराव वाचायचं काम सेक्रेटरीचं.

मी उभा राहिलो. वाचायला सुरुवात केली आणि अडखळलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळलो. ग्रॅहमने चष्म्यावरून पाहिलं.

"ठरावाआधी मला एक सांगायचंय," मी इंग्रजीत म्हणालो. "गच्चीवरच्या त्या प्रकाराबद्दल. भारताच्या किनाऱ्यावर मासे वाळवण्याची एक फार जुनी परंपरा आहे. आमच्या संस्कृतीत समुद्राशी..."

"मंदार!" तिसऱ्या रांगेतून मराठीत आवाज आला. "संस्कृती कशाला मध्ये घालतोस? कोळंबी कोणी आणली ते सांग."

शब्द कोणालाच कळले नाहीत, पण सगळ्या माना आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे वळल्या. हातातला कागद मी खुर्चीवर ठेवला.

"कोळंबी मी आणली होती," मी म्हणालो. "सगळी. मीच मिसेस गुप्तेंच्या मागे लागलो होतो. त्या फक्त माझ्यासाठी मेहनत करत होत्या. त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मला लाज वाटली आणि मी तुम्हाला समजू दिलं की ती त्यांची आहे. त्यांची किल्ली गेली. ती जायची तर माझी जायला हवी होती, पण माझ्याकडे नव्हतीच. आय ॲम सॉरी."

ग्रॅहमने चष्मा काढला, पुसला.

"सगळी तुझी होती?" त्याने विचारलं.

"सगळी."

"शब्दकोड्यावरचीसुद्धा?"

"तीसुद्धा."

त्याने हातातल्या कागदावर एक आडवी रेघ मारली. "मग हा ठराव मी मागे घेतो. आणि ती किल्ली तुझ्याकडेच आहे ना अजून? जिची आहे तिला दे."

किल्ली माझ्या खिशातच होती. इतके दिवस असायची तशी. मी खुर्च्यांमधून वाट काढत तिसऱ्या रांगेपर्यंत गेलो आणि हात लांब करून किल्ली काकूंपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. टोपी जरा मागे सारली, मास्क हनुवटीवर ओढला, आणि खालून वर माझ्याकडे बघत राहिल्या.

"सॉरी म्हणालो ना काकू," मी हळूच म्हणालो. "सगळ्यांसमोर."

"त्यांना म्हणालास. आणि ते इंग्रजीतलं सॉरी इथे बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतात. आता मला मराठीत सांग."

आईला नाही, केतकीला नाही, मी आजवर कोणालाच ते शब्द पूर्ण म्हटले नव्हते. मराठीत अशा वेळी मान खाली घालायची, चहा घेणार का विचारायचं आणि विषय संपवायचा अशीच आमच्याकडची रीत. आजूबाजूला सगळी बिल्डिंग काही न कळता ऐकत बसली होती.

"काकू," मी म्हणालो, "मी घाबरलो आणि तुमचं नाव पुढे केलं. माझं चुकलं."